सोन्याच्या दाताचा मास्क

आमच्या कारखान्यात कोणी दुसऱ्याच्या मास्कला हात लावत नाही. त्यामुळे त्या सकाळी फिलाडेल्फो रंगाच्या खोलीत आला आणि त्याने स्वतःच्या हाताने माझा मास्क हनुवटीखाली ओढला, तेव्हा तो बोलायच्या आधीच मला कळलं.

"कोंपाद्रे," तो म्हणाला, "येसेनियाचा फोन होता. कोमाद्रे गेल्या."

माझ्या हातात स्प्रेची गन होती. बसची एक बाजू अर्धी लाल झाली होती. मी म्हणालो, "एवढी बाजू संपवतो," आणि खरंच अजून थोडा रंग मारला. मग त्याने गन माझ्या हातातून काढून घेतली, हवेचा पाइप बंद केला आणि मला दंडाला धरून बाहेर आणलं. बाहेर बाउदिलिओ आणि विल्मर पत्रा घासत होते. ते थांबले. त्यांनी आपापले मास्क काढून छातीशी धरले, टोपी काढून धरावी तसे.

इस्पितळात आत एकालाच सोडतात. त्या दिवशी पाळी मुलीची, येसेनियाची, होती.

फिलाडेल्फो कारखान्याचा मालक. आम्ही दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली रंगकाम शिकलो, एकाच बादलीत ब्रश धुतले. पुढे त्याला सासऱ्याची जागा मिळाली, त्याने कारखाना काढला आणि मी त्याच्याकडे कामाला लागलो. येसेनियाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून तोच उभा राहिला. तेव्हापासून तो माझा कोंपाद्रे आणि माझी बायको ओदिलिया त्याची कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं जुळलं की अरेतुरे बंद. ज्याला लहानपणापासून शिव्या दिल्या त्याला अहोजाहो करायचं. सुरुवातीला जीभ अडखळते, मग अंगवळणी पडतं. कोंपाद्रेशी भांडायचं नाही, त्याच्यावर शंका घ्यायची नाही. घेतली तर पाप लागतं असं माझी आई म्हणायची.

आमच्या गावात, सिउदाद व्येहात, असे कारखाने बरेच आहेत. उत्तरेकडच्या देशातून शाळेच्या जुन्या पिवळ्या बसेस येतात. आम्ही त्या कापून आखूड करतो, टपावर सामानाची जाळी बसवतो, गंज काढतो आणि मग रंगवतो. लाल, हिरवा, निळा, वर ज्वाळा, पंख, चकचकीत पट्ट्या. शेवटी कपाळावर बाईचं नाव. बसमालकाच्या आईचं, बायकोचं, कधी भलत्याच बाईचं. ते आपण विचारायचं नाही. नाव लिहायचं काम माझं. फुलं, वेली आणि बारीक रेघा ओदिलियाच्या. शेवटचं वॉर्निशही तीच मारायची, कारण तिचा हात सगळ्यांत सारखा चालायचा. वॉर्निशच्या वेळी दारं-खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. फुएगो ज्वालामुखीची राख कधी उडेल त्याचा नेम नसतो आणि ओल्या वॉर्निशवर राख बसली की सगळी बस परत घासायची.

मास्क रंगवायची पद्धत तिनेच पाडली. सुरुवात मिशीपासून झाली.

पूर्वी आम्ही तोंडाला फडकं बांधून काम करायचो. मग रबराचे मास्क आले. दोन्ही बाजूंना दोन गोल डब्या, डब्यांत हवा गाळणारा कोळसा. ह्या डब्यांना आम्ही गाल म्हणतो. मास्क वर्षानुवर्षं टिकतो, गाल मात्र ठरावीक दिवसांनी बदलावे लागतात. शिवाय ह्या मास्कला दाढी-मिशी चालत नाही, रबर कातडीला चिकटून बसलं पाहिजे. बाउदिलिओला उभ्या जन्मात पहिल्यांदा मिशी काढावी लागली. घरी गेला तर कुत्रं भुंकलं आणि बायकोने दार उघडून विचारलं, "कोण पाहिजे?" दुसऱ्या दिवशी तो मास्क लावून कोपऱ्यात बसून राहिला, जेवायलाही काढेना. ओदिलियाने त्याच्याकडून तो मागून घेतला आणि त्याच्यावर त्याची मिशी काढली. जशीच्या तशी, टोकं वर वळलेली, डावीकडे एक पांढरा केस.

"पांढरा कशाला?" बाउदिलिओ म्हणाला.

"मी होतं तेवढंच काढते," ती म्हणाली. "काळा करायचा असेल तर न्हाव्याकडे जा."

मग सगळ्यांनाच हवं झालं. विल्मरला मिशी फुटतच नव्हती, त्याने जाग्वारचा जबडा मागितला. बाउदिलिओ म्हणाला, "जाग्वार कसला, मांजर काढा त्याला." तिने जाग्वारच काढला, पण जिभेच्या टोकावर दुधाचा एक थेंब काढून ठेवला. विल्मरला तो थेंब बऱ्याच दिवसांनी दिसला, तोवर सगळं गाव हसून मोकळं झालं होतं. फिलाडेल्फोने सोनेरी मुकुट काढून घेतला. तो मास्क आता ऑफिसात खिळ्याला टांगलेला असतो, मालक झाल्यापासून तो वॉर्निशच्या वेळी आत येत नाही. माझ्या मास्कवर तिने ओठांच्या जागी बसच्या पाठीवर असतं तसं लिहिलं, 'अंतर ठेवा'. अक्षरं माझ्यापेक्षा चांगली आली होती, ते मी तिला सांगितलं नाही, पण तिला माहीत होतं.

तिचा स्वतःचा मास्क हसरा होता. मोठं उघडलेलं तोंड आणि पुढच्या दातावर सोन्याची चांदणी. आमच्याकडे बायका दातावर अशी चांदणी बसवून घेतात. तिच्या आईला होती. हिलाही हवी होती, पण कधी येसेनियाची शाळा आली, कधी छत गळायला लागलं. शेवटी तिने ती मास्कवर बसवली. "इथे जास्त लोक बघतात," म्हणाली.

मास्क रंगला की आम्ही त्याचा बाप्तिस्मा करायचो. धर्मपित्याने वर दारूचे थेंब शिंपडायचे आणि पुढे त्या मास्कचे गाल बदलून द्यायची जबाबदारी त्याची. थट्टा म्हणून सुरू झालं. पण आमच्यात थट्टेत जोडलेलं नातंही खरंच धरतात. गाल बाजारातून आणणारा फिलाडेल्फोच, तेव्हा सगळ्यांच्या मास्कचा धर्मपिता तोच झाला. दर काही महिन्यांनी तो सगळ्यांचे गाल गोळा करून न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी नवे आणून द्यायचा, वर पांढरं प्रायमर मारलेलं. "कोमाद्रेंची तेवढीच मेहनत वाचते," म्हणायचा. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. मालक असून स्वतः प्रायमर मारतो.

मग रविवारी चर्चमधली मिसा झाली की ओदिलिया अंगणात टेबल मांडायची आणि प्रत्येकाच्या गालांवर नवं चित्र काढायची. फक्त डबीच्या कडेवर, जाळीला ब्रश लागू द्यायची नाही. कधी जास्वंद, कधी हमिंगबर्ड, कधी मक्याची कणसं. विल्मर दर वेळी एका पोरीचं नाव लिहून घ्यायचा आणि दर वेळी पोरगी निराळी असायची. ओदिलिया म्हणायची, "तुझ्यासाठी पुढच्या वेळी पाटी करते, खडूने लिहीत जा."

गेल्या वर्षापासून तिला धाप लागायला लागली. आधी चढावर, मग कपडे धुताना, मग नुसतं बसल्याबसल्या. वॉर्निश घट्ट व्हावं म्हणून त्यात एक द्रव मिसळतात, त्याने असा दमा होतो असं डॉक्टर म्हणाले. त्या द्रवाला वास नसतो. डॉक्टरांनी विचारलं, मास्क लावता ना? ती म्हणाली, "लावते तर. गावात माझ्याइतका सुंदर कोणाचा नाही." डॉक्टर हसले नाहीत. मीही नाही. मला वाटलं, मास्क लावूनही होत असेल, नशीब.

ती गेली तेव्हा शवपेटी फिलाडेल्फोने आणली. पेटीचा पुढचा डावा कोपरा त्याच्या खांद्यावर होता आणि कबरस्तानापर्यंत त्याने तो दुसऱ्या कोणाला दिला नाही. नऊ दिवस घरी जपमाळ झाली, नऊही दिवस तो आला. कॉफी, गोड पाव, शेवटच्या दिवशीचे पानात उकडलेले तमाल, सगळ्याची व्यवस्था त्याच्या बायकोने केली. तो माझ्या शेजारी बसून रडायचा. मला रडू येत नव्हतं, तर मला वाटायचं, बरं आहे, आमच्या दोघांचं मिळून तो रडतोय.

शेवटच्या दिवशी तो ओदिलियाचा मास्क घेऊन आला. स्वच्छ फडक्यात गुंडाळून आणला होता. "ह्याची जागा आता इथे," म्हणाला आणि त्याने तो तिच्या फोटोशेजारी ठेवला. आलेल्या बायका तो सोन्याचा दात बघून हसल्या आणि मग रडल्या.

दुसऱ्या दिवशी येसेनिया म्हणाली, "पप्पा, त्याच्यावर धूळ बसलीये. पुसून ठेवा ना."

मी रंगारी. माझ्या हाताला पुसणं म्हणजे थिनर एवढंच माहीत. फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि एका गालावरून फिरवलं. त्या गालावर तिने शेवटची काढलेली खळी होती. हसऱ्या तोंडाला शोभेल अशी दोन्ही बाजूंना एकेक खळी. ती क्षणात पुसली गेली. मी स्वतःला शिवी दिली आणि फडकं उचलणार, तेवढ्यात प्रायमरही सुटलं आणि त्याच्याखाली लाल दिसलं.

प्रायमरखाली काही नसायला हवं. नव्या गालावर प्रायमर मारतात, त्याच्याखाली काळं प्लास्टिक.

मी ब्लेड घेतलं. जुनी बस आली की आम्ही एका कोपऱ्यात असंच खरवडून बघतो, म्हणजे ती कितीदा रंगवली ते कळतं. सगळ्यांत खाली नेहमी तो शाळेचा पिवळा असतो. लाल होती ती जास्वंदीची पाकळी. तिच्याखाली परत पांढरं. त्याच्याखाली हमिंगबर्डची हिरवी मान. परत पांढरं. मग कणसं. मग एक निळी वेल, जी मी विसरलो होतो आणि बघताच आठवली. त्याखाली असे आणखी कितीतरी थर. सगळ्यांत खाली काळं प्लास्टिक आणि त्याच्यावर छापलेलं वर्ष. येसेनियाचा पंधरावा वाढदिवस झाला त्याच्याही आधीचं. आता ती एका पोराची आई व्हायच्या वयाची आहे.

दुसरा गालही तसाच निघाला.

मग मला आठवलं की फिलाडेल्फो जाळीमागची कापडी चकती मात्र खरंच नवी घालायचा. चकती नवी असली की श्वास मोकळा येतो. थिनरचा वास यायचा, पण तो कारखान्यात कुठे येत नाही? आमच्या पावाला येतो, उशीला येतो. आणि ज्याने माणूस मरतो त्याला वासच नाही.

येसेनिया स्वयंपाकघरातून आली. तिने गाल बघितले आणि म्हणाली, "आईचं चित्र का पुसलंत?"

"चुकून निघालं," मी म्हणालो.

सोमवारी मी कारखान्यात गेलो. दहाच्या सुमाराला सगळे तोर्तिया आणि घेवडा घेऊन बाकावर बसतात तेव्हा. मला बघून बाउदिलिओ सरकला. "बस. इतक्यात कशाला आलास? अजून आठवडाभर थांबायचं."

"तुझा मास्क दे," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. आमच्यात असं कोणी मागत नाही. पण माझी बायको नुकतीच गेली होती, अशा माणसाला नाही कसं म्हणणार? त्याने दिला. मी ब्लेड काढलं आणि गालाच्या कडेला लावलं.

"अरे, कणसं कशाला खरवडतोस? तिच्या हातची आहेत."

"बघ नुसता."

कणसांखाली पांढरं, त्याच्याखाली तिने त्याच्यासाठी काढलेला कोंबडा, त्याच्याखाली पांढरं. बाउदिलिओ रंगारी आहे, त्याला समजवावं लागलं नाही. त्याचं चावणं थांबलं.

विल्मरने आपला मास्क स्वतःहून पुढे केला. त्याच्या गालावर वर कार्ला होती. कार्लाखाली मिल्द्रेड निघाली. मिल्द्रेडखाली ग्लेंदी. बाउदिलिओला हसू फुटलं, ते त्याला आवरेना. "अरे, ही ग्लेंदी कोण? ती बेकरीवाली? ती तर दोन पोरांची आई झाली." विल्मरही हसला. मग ग्लेंदीखाली अजून एक नाव दिसायला लागलं तसा तो हसायचा थांबला आणि म्हणाला, "बस. पुरे."

फिलाडेल्फो ऑफिसातून आला तेव्हा बाकावर रंगाच्या सालींचा ढीग पडला होता. त्याने ढीग बघितला, मग माझ्या हातातलं ब्लेड. तो काय झालं असं विचारेल असं मला वाटलं होतं. त्याने विचारलं नाही.

"कोंपाद्रे, आत या," तो म्हणाला. "आत बसून बोलू."

"इथेच बोला."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांचेच गाल आहेत."

तो बाकाच्या टोकाला बसला. बोटांनी साली गोळा करत राहिला. मग म्हणाला, "बसवाले पूर्वीसारखे देत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. आता लोकांना साध्या पांढऱ्या गाड्या चालतात. मी कोणाला काढून टाकलं नाही. एकाला तरी काढलं का, सांगा. कुठेतरी हात आखडावा लागतो. मला वाटलं, चकत्या नव्या आहेत, धूळ तर अडते ना."

"डॉन फिलाडेल्फो," विल्मर म्हणाला, "मग कशाला बाप्तिस्मे केले आमचे?"

"तू गप्प बस."

"माझी बायको मेली," मी म्हणालो. "तुम्ही तिची पेटी उचललीत. नऊ दिवस माझ्याशेजारी बसून रडलात."

"खरं रडलो."

"मला ते नको होतं. तुम्ही मला एकदा सांगायचं होतं, कोंपाद्रे, परवडत नाही. मी दारोदार पाट्या लिहून गाल आणले असते. तिला वॉर्निशला उभंच राहू दिलं नसतं."

तेव्हा तो उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने मला अरेतुरे केलं.

"सगळं मलाच का विचारतोस, माकारिओ? तिला ठाऊक होतं."

त्याने बाकावरच्या मास्ककडे बोट केलं.

"रविवारी टेबलावर बसून कोण हाताळत होतं हे गाल? मी की ती? तिच्या बोटांना थर कळणार नाही? दोन वर्षांपूर्वी ती ऑफिसात आली. एका गालाला नखाने ओरखडा काढून आणला होता. टेबलावर ठेवला आणि म्हणाली, हे काय आहे? मी तिला सगळं सांगितलं, आता तुला सांगितलं तसंच. मी म्हणालो, कोमाद्रे, प्रत्येक वेळी एक जोडी नवी आणू शकतो, जास्त नाही. ती बसली. मग म्हणाली, ती जोडी माकारिओला द्या. त्याला कळू देऊ नका, नाही तर तो घालणार नाही. बाकी मी कोणाला बोलणार नाही."

"खोटं आहे," मी म्हणालो.

"तुझा मास्क कुठे आहे? खरवड ना तोही. सगळ्यांचे खरवडलेस, तो कशाला ठेवलास?"

माझा मास्क रंगाच्या खोलीत खुंटीला होता, त्या सकाळी गळ्यातून काढला तसा. विल्मरने तो आणून दिला. म्हणजे हातात दिला नाही, बाकावर ठेवला. गालांवर तिने माझ्यासाठी साधी चौकट काढली होती, आमच्या पाट्यांना असते तशी पिवळी, काळ्या किनारीची. मी ब्लेड लावलं. चौकट निघाली. प्रायमर निघालं. त्याखाली काळं प्लास्टिक, चकचकीत, आणि ह्याच वर्षाचा छाप. मी अजून खरवडत राहिलो. प्लास्टिकला चरे पडायला लागले, तेव्हा बाउदिलिओने माझं मनगट धरलं.

"झालं," तो म्हणाला. "खाली काही नाही."

फिलाडेल्फो आत निघून गेला. त्याने दार लावून घेतलं.

मला वाटलं आता हे दोघं माझ्याजवळ बसतील. बाउदिलिओने मनगट सोडलं आणि हळूच विचारलं, "तुला माहीत होतं?"

"नाही."

"शपथ?"

"येसेनियाची शपथ."

त्याने मान हलवली. विश्वास ठेवला असावा. पण विल्मर आपल्या मास्कवरचा जाग्वार बघत होता, जिभेवरचा तो दुधाचा थेंब. तो माझ्याशी नाही, बाउदिलिओशीच बोलल्यासारखा म्हणाला, "डोन्या ओदिलिया दर रविवारी आमच्या गालांवर फुलं काढत होत्या. आमच्यासमोर बसून. मी त्यांना सांगत होतो, ह्या वेळी कार्ला लिहा. त्या म्हणाल्या, टिकेल का रे ही? आणि त्यांना माहीत होतं."

मला तिची बाजू घ्यायची होती. तिने त्यांना फसवलं, हे खरंच होतं. माझ्यासाठी फसवलं, हेही खरं होतं. पण ते मी कोणत्या तोंडाने सांगणार? मी धडधाकट होतो. बाउदिलिओला त्या बाकावरच खोकल्याची उबळ आली, साधा खोकला, तो नेहमीच खोकतो, पण आम्ही तिघंही तो संपेपर्यंत ऐकत राहिलो.

मी त्या दिवसापासून कारखान्यात गेलेलो नाही. अँटिग्वाच्या रस्त्यावर दुकानांची शटर रंगवतो. कसाई, केस कापायचं दुकान, एक दात काढणारा. बाउदिलिओने सांगितलं की फिलाडेल्फोने सगळ्यांना नवे गाल आणून दिले, प्रायमर न मारता, काळेच्या काळे. त्यांच्यावर कोणी काही रंगवलं नाही. विल्मरने जाग्वारही थिनरने पुसून टाकला. दोघं शहरातल्या दवाखान्यात छाती दाखवायला जाऊन आले. मी बरोबर येतो म्हणालो, तर बाउदिलिओ म्हणाला, "नको, आम्ही जातो." तो रागावून बोलला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

फिलाडेल्फो एकदा घरी आला होता, फळांची टोपली घेऊन. येसेनियाने दार उघडलं. तिला मी त्याच्याबद्दल सगळं सांगितलं होतं. तरी सवयीने तिने आधी त्याच्यापुढे आशीर्वादासाठी मान झुकवली आणि मग रडत दार लावून घेतलं. त्याचं काय करायचं ते मला माहीत आहे. मी त्याला कोंपाद्रे म्हणणार नाही, त्याच्या दारात जाणार नाही आणि कामगार कचेरीत जे सांगायचं ते मी सांगून आलो आहे. त्याचा राग करणं सोपं आहे. तो खोटं बोलला, ते आमच्या हवेत मिसळलं, आणि त्याने पेटी खांद्यावर घेतली. हे सगळं माझ्या डोक्यात सरळ बसतं.

ओदिलियाचं बसत नाही. सव्वीस वर्षांचा संसार. बाजारातून टोमॅटो आणायचे तरी ती मला विचारायची, किती आणू? आणि हे तिने एकटीने ठरवलं. मला विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. म्हणूनच विचारलं नाही. रोज सकाळी आम्ही शेजारी शेजारी उभं राहून मास्क बांधायचो, ती माझ्या मानेमागचा पट्टा घट्ट करायची आणि गालावर टिचकी मारून बघायची, नीट बसलाय का. मी समजायचो, प्रेमाने मारते. प्रेमानेच मारत होती. मग मी बंद खोलीत तिच्या शेजारी स्वच्छ हवा घेत होतो आणि ती त्या हसऱ्या तोंडाने माझ्याकडे बघत होती. मागे काय आहे ते तिचं तिलाच माहीत होतं.

लोक म्हणतील, केवढी माया. येसेनियाही तेच म्हणेल, म्हणून तिला हा भाग मी सांगितलेला नाही. मला माया म्हणता येत नाही. तिने माझ्या पाठीमागे त्याच्याशी करार केला आणि तो मरेपर्यंत पाळला. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. इस्पितळात ऑक्सिजनचा मास्क लावून झोपली होती, पारदर्शक, काही न काढलेला, तेव्हासुद्धा मला म्हणाली, "तुझ्या पट्ट्याचं रबर सैल झालंय, बदलून घे."

नोव्हेंबरात सगळे कबरी रंगवतात. भिंतीतल्या तिच्या कोनाड्याला मी हिरवा रंग दिला, कडेने तिच्यासारखी वेल काढायचा प्रयत्न केला. नाव लिहिलं, तारखा लिहिल्या. खाली, आठवण कोणाकडून, ते लिहायची पद्धत आहे. मुलीचं नाव लिहिलं. त्याच्या आधी नवऱ्याचं येतं, तेवढी जागा मोजून सोडली आहे. ते अजून लिहिलेलं नाही.